राजवारसांना जादूच्या वस्तू कशा द्याव्यात

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, पात्रांच्या भूमिका करत खेळायच्या खेळात युवराज किंवा राजकन्येचे पात्र आले, की अनेक डीएम, म्हणजे खेळाचे सूत्रधार, प्रथम तिच्या हाती ज्वाळा ओकणारी तलवार देतात. वारसाला मात्र रणांगणापेक्षा विष, अपहरण आणि आपली ओळख नाकारली जाणे यांची भीती अधिक असते, म्हणून वस्तूंची निवड तेथूनच सुरू करावी. पुढील नियम या खेळाच्या पाचव्या आवृत्तीनुसार आहेत.

सर्वप्रथम वारसाला नेमका कोणापासून धोका आहे, हे लिहून काढावे. साताऱ्याच्या खेळाडूंना उदाहरणासाठी अजिंक्यताऱ्यापलीकडे जाण्याची गरज नाही. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर बालवयातच मोगलांच्या कैदेत गेलेले शाहू महाराज १७०७ मध्ये परतले, तेव्हा ताराबाईंच्या पक्षाने त्यांना तोतया म्हटले, आणि खेडची लढाई जिंकल्यानंतरच १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक होऊ शकला. पुढे १७५० मध्ये ज्या रामराजांना ताराबाईंनी स्वतःचा नातू म्हणून पुढे आणले होते, त्यांनाच त्यांनी साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकले व तोतया ठरवले.

दुसरी पायरी मर्यादेची आहे. बहुतेक प्रभावी वस्तूंना ॲट्यूनमेंट लागते, म्हणजे वस्तूशी किमान तासाभराच्या विश्रांतीत नाते जोडावे लागते, आणि एका पात्राला एका वेळी अशा तीनच वस्तू वापरता येतात. धारक २४ तास वस्तूपासून १०० फुटांहून अधिक दूर राहिला, तर ते नाते तुटते. त्यामुळे राजघराण्याचा मौल्यवान वारसा जामदारखान्यात कुलूपबंद ठेवून वारसाचे रक्षण होत नाही.

विषापासून रक्षण करणाऱ्या ताइताला ॲट्यूनमेंट लागत नाही, म्हणून तो निःसंकोच द्यावा. निरोपाच्या जोडदगडांनाही ते लागत नाही. त्यांतून दिवसातून एकदा २५ शब्दांपर्यंतचा निरोप पाठवता येतो, तेव्हा एक दगड वारसाकडे व दुसरा विश्वासू दिवाणाकडे असावा. जादूने शोध लागू न देणारा गळ्यातला ताईत मात्र विचारपूर्वक द्यावा, कारण तो घातलेल्या वारसाचे अपहरण झाले, तर शत्रूप्रमाणेच स्वतःच्या दरबारातील जादूगारालाही त्याचा माग लागत नाही.

माझ्या दृष्टीने वारसासाठी सर्वांत समृद्ध वस्तू म्हणजे मन झाकणारी अंगठी. ती घालणाऱ्याचे विचार जादूने वाचता येत नाहीत, तसेच तो खोटे बोलतो आहे की नाही, हेही जादूने ठरवता येत नाही. शिवाय ती घातलेली असताना मृत्यू आला, तर अंगठीत आधीच दुसरा आत्मा नसल्यास त्या व्यक्तीचा आत्मा अंगठीत शिरतो आणि पुढे ती घालणाऱ्याशी मनातल्या मनात बोलू शकतो. म्हणजे दिवंगत राजाचा सल्ला त्याच्या मुलीला दरबारातही मिळत राहील; परंतु तोतयेपणाचा आरोप होताच सरदार तिला तीच अंगठी काढून सत्याच्या कसोटीला उभे राहण्यास सांगतील, आणि जिथे तिला वडिलांची सर्वाधिक गरज आहे, तिथेच त्यांचा आवाज थांबेल. असा प्रसंग कोणत्याही तलवारीतून निर्माण होत नाही.

भावंडे अनेक असतील, तर वाटणी समसमान करू नये. थोरल्याला मानाची, समारंभात मिरवण्याची वस्तू मिळावी आणि धाकटीला कमी देखणी पण अधिक उपयोगी, म्हणजे त्यांच्यातील ताण डीएमने वेगळा घडवावा लागत नाही.

वारसाचे पात्र एखादा खेळाडूच चालवत असेल, तर इतर खेळाडूंच्या पात्रांनाही त्याच दर्जाच्या वस्तू द्याव्यात. पात्रांच्या पहिल्या ते चौथ्या पातळीपर्यंत साध्या किंवा त्याहून एकच पायरी वरच्या दर्जाच्या वस्तू पुरतात. पाचव्या पातळीनंतर नवी वस्तू देण्याऐवजी जुन्याच वस्तूची एखादी सुप्त शक्ती जागी करावी, आणि ती शक्यतो वारसाने राज्यासाठी काही गमावल्यानंतर जागी व्हावी.