क्वांटम ट्रान्सपोर्ट शिकायचंय? सुरुवात सांगलीतूनच होते

विलिंग्डनला बीएस्सी, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एमएस्सी आणि आता मेसोस्कोपिक फिजिक्समध्ये, म्हणजे अणूपेक्षा मोठ्या पण नेहमीच्या तारेपेक्षा फार छोट्या वस्तूंच्या भौतिकशास्त्रात, पीएचडी. सुट्टीत घरी आलो की ज्युनिअर पोरं हमखास विचारतात, "दादा, क्वांटम ट्रान्सपोर्ट शिकायचंय, पण आपल्याकडं तसली लॅब नाही, मग करायचं काय?" बरंच करता येतं.

आधी विषय: अगदी छोट्या तारेतून इलेक्ट्रॉन कसा जातो. तार दुप्पट लांब केली की रोध दुप्पट, हे आपण बारावीला घोकतो. पण तार इतकी छोटी केली की इलेक्ट्रॉन वाटेत धडकतच नाही आणि त्याची फेज (त्याच्या लहरीची लय) शाबूत राहते, तर लांबीला अर्थच उरत नाही. तो पलीकडं पोचण्याची शक्यता किती, एवढंच बघायचं. ही मांडणी भौतिकशास्त्रज्ञ रॉल्फ लँडाउअरची, १९५७ची. इलेक्ट्रॉनच्या लहरीला पलीकडं जायची एक वाट म्हणजे एक चॅनेल. एका मोकळ्या चॅनेलचा रोध सुमारे १२.९ किलोओहम येतो, चॅनेल वाढले की कंडक्टन्स (रोधाचा व्यस्त) पायरीपायरीनं चढतो. १९८८ मध्ये डेल्फ्ट आणि केंब्रिजच्या गटांनी गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकात या पायऱ्या दाखवल्या, त्याही अतिथंड तापमानाला.

सोन्याला मात्र आपल्या मे महिन्यातलं तापमानही चालतं. दोन बारीक तारा एकमेकींना टेकवा, ५० मिलिव्होल्ट लावा, करंटचं व्होल्टेज करणारं सर्किट जोडा, डिजिटल ऑसिलोस्कोप सिंगल ट्रिगरवर (एकच झटका पकडून थांबेल असा) ठेवा आणि टेबलावर टिचकी मारा. तारा सुटता सुटता शेवटी एकाच अणूचा सांधा उरतो. त्या सर्किटच्या फीडबॅकला एक लाख ओहमचा रोधक असेल तर ती पायरी ०.३९ व्होल्टच्या आसपास दिसते. या सर्किटला ऑप-अँप (अँप्लिफायरची चिप) लागतो; कॉलेजच्या कपाटातला नेहमीचा ७४१ इथं संथ पडतो, जलद घ्या. प्रत्येक ट्रेस (स्कोपवरची रेघ) देखणा येत नाही. भरपूर ट्रेस जमवून हिस्टोग्राम काढा, म्हणजे कुठली किंमत किती वेळा आली त्याचा आलेख. तार २४ कॅरेटची हवी. विटा-आटपाडीकडचं कुणी ना कुणी गलाईत (सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात) असतंच, शुद्धतेचं त्यांनाच विचारा.

सोनं परवडत नसेल तर लॅपटॉपवर 'क्वांट' (Kwant) ही पायथन लायब्ररी टाका, फुकट आहे. त्यात अरुंद पट्टी घेऊन इलेक्ट्रॉनची ऊर्जा वाढवत न्या, पायऱ्या येतील. मग पट्टीत डिसऑर्डर (विस्कळीतपणा) घाला आणि त्या कशा ढासळतात ते बघा. माझ्या मते नुसत्या नोट्स वाचण्यापेक्षा यानं जास्त कळतं.

जॅम, जेस्ट या एमएस्सी-पीएचडीच्या प्रवेश परीक्षांची तयारी सगळेच करतात, त्यावर वेगळं काय सांगू. मुलाखतीत एक प्रश्न मात्र येऊ शकतो: इलेक्ट्रॉन कुठंच धडकत नाही, तर १२.९ किलोओहम आले कुठून? उत्तर सांध्यांत आहे. रुंद धातूतले असंख्य चॅनेल मोजक्या चॅनेलमध्ये शिरतात, तिथं हा रोध येतो. "मग उष्णता कुठं निघते?" असं पुढं विचारतीलच. तीही तारेत नाही, दोन्ही बाजूंच्या धातूत.