चिनी इतिहासग्रंथातली लढाई कशी वाचावी

प्राचीन चीनच्या युद्धांवर वाचू लागलेला माणूस आकड्यांनी आधी दिपतो आणि मग वैतागतो. बखरीतल्या फौजा कशा फुगतात हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाने खरे तर दिपायला नको. पण दादरला महिन्यातून एकदा जमणाऱ्या आमच्या वाचनमंडळातही प्रत्येक नवा सभासद वहीत पहिली नोंद फौजेच्या संख्येचीच करतो. आकडा कोणी, कोणाला आणि कशासाठी सांगितला, हे त्याच्याशेजारी लिहिल्याशिवाय तो वहीत घेऊ नये. सरावासाठी इ. स. 208 ची चिबीची लढाई घ्यावी: एकीकडे उत्तरेचा त्साओ त्साओ, दुसरीकडे दक्षिणेचे सुन च्युआन आणि ल्यू बेई.

आधी तारीख लावावी. मूळ नोंद ‘जियान-आन 13’ अशी, म्हणजे बादशहाने जाहीर केलेल्या कालखंडाच्या तेराव्या वर्षाची असते. शकात 78 मिळवण्याची सवय असलेल्यांना पौषाच्या सुमारास 79 मिळवावे लागतात हे माहीत असते. तीच गोम येथेही आहे, कारण त्या चिनी वर्षाचा बारावा महिना इसवी सनाच्या 209 मध्ये जातो.

मग नावे. त्साओ त्साओ हा सेनानी ग्रंथात कुठे ‘ताइझू’, तर कुठे ‘वू सम्राट’ म्हणून येतो, आणि गंमत अशी की हयातीत तो सम्राट झालाच नाही. मुलाने 220 मध्ये गादी घेतल्यावर मृत बापाला ती पदवी दिली. टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीत बसून मी पंधरा दिवस या एकाच माणसाला दोन समजून टिपणे काढली होती. तेव्हा प्रत्येक व्यक्तीसाठी वहीचे वेगळे पान ठेवावे आणि तिची सगळी नावे माथ्यावर लिहावीत.

खरे काम यानंतरचे आहे. तिसऱ्या शतकातल्या चेन शोऊने तीन राज्यांचा इतिहास 65 प्रकरणांत लिहिला. त्यातली 30 वेई (त्साओ त्साओच्या घराण्याचे), 15 शू (ल्यू बेईचे) आणि 20 वू (सुन च्युआनचे) राज्याची. एकच लढाई या तिन्ही भागांत, वेगवेगळ्या माणसांच्या चरित्रांत विखुरलेली असते, आणि ती गोळा केल्याशिवाय काहीच हाती लागत नाही. वेईच्या भागात, म्हणजे त्साओ त्साओच्या स्वतःच्या चरित्रात, चिबीला ल्यू बेईशी झालेली लढाई प्रतिकूल ठरली, रोगाची साथ पसरून पुष्कळ माणसे मेली आणि फौज परत फिरली, एवढे त्रोटक लिहिले आहे. आगीचा उल्लेखही नाही. वूच्या भागात सुन च्युआनचा सेनापती झोऊ यू याचे चरित्र उघडले की त्याच्या हाताखालच्या हुआंग गाईने वाळके गवत व लाकूड भरून, वर तेल ओतून पेटवून सोडलेली गलबते दिसतात. त्याच भागात सुन च्युआनच्या चरित्रात मात्र उरलेली जहाजे त्साओ त्साओने स्वतःच जाळून माघार घेतल्याचे वाक्य आहे. या तिघांपैकी एकाला घाईने खोटे ठरवू नये. चेन शोऊ ज्या जिन घराण्याच्या आश्रयाने लिहीत होता, ते वेईकडून गादी घेऊन आले होते. वेईच्या संस्थापकाचा पराभव थोडक्यात आटोपणे त्याला सोयीचे होते. (वाऱ्याची दिशा बदलण्यासाठी केलेला यज्ञ वगैरे नंतरच्या कादंबरीतले आहे, ते वेगळ्या पानावर.)

आता आकडे. त्साओ त्साओने सुन च्युआनला धमकीचे पत्र धाडले, त्यात स्वतःची फौज आठ लाख सांगितली. पेई सोंगजीने 429 मध्ये चेन शोऊच्या ग्रंथावरचे भाष्य दरबारात सादर केले, आणि त्यात उतरवून घेतलेल्या एका जुन्या मजकुरात झोऊ यू आपल्या धन्याला हिशेब समजावतो: उत्तरेची माणसे फार तर दीड लाखाच्या आसपास, आणि तीही थकलेली; शिवाय शरण आलेल्यांची फार तर सत्तर-ऐंशी हजार. झोऊ यूलाही धन्याला धीर द्यायचा होता, म्हणून त्याचा आकडाही शपथेवर घेऊ नये.

आकडे फुगण्याची रीत ग्रंथाने स्वतःच नोंदवली आहे, हे मला फार आवडते. गुओ युआन या अधिकाऱ्याच्या चरित्रात लिहिले आहे की बंडखोरांवरील विजयाच्या कागदांत एकाचे दहा लिहिण्याचा प्रघात होता. त्याने मात्र कापलेल्या मुंडक्यांची खरी संख्या कळवली. त्साओ त्साओने कारण विचारले. परक्या शत्रूवरचा विजय मोठा दाखवतात तो लोकांनी ऐकावा म्हणून, पण हे बंड आपल्याच मुलखातले, त्याची मला लाज वाटते, असे उत्तर त्याने दिले.

शेवटी, जमिनीतून निघालेला कागद पाहावा. म्हणजे येथे लाकूड. हुबेई प्रांतातल्या शुइहुदी येथील थडग्यात सापडलेली दोन लाकडी पत्रे चिबीच्या चारशेहून अधिक वर्षे आधीची, छिन राज्याच्या चू राज्यावरील मोहिमेच्या काळातली आहेत. हेइफू आणि जिंग या दोन सैनिकांची ती पत्रे आहेत. त्यांत फौज किती, मेले किती, काही नाही. हेइफू आईला कळवतो की गावात कापड स्वस्त असेल तर उन्हाळी कपडे शिवून पैशांबरोबर पाठव, महाग असेल तर नुसते पैसे पाठव, कापड मी इथेच घेईन.