गावच्या शाळेत आयरिश ॲनिमेशन लघुपट दाखवायचे तर

मी गोव्यातल्या माशेलच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवते. तुळशीचं लग्न झालं की पाऊस पुरता ओसरलेला असतो आणि जत्रांची धामधूम अजून सुरू व्हायची असते. त्या मधल्या आठवड्यांत शाळेच्या हॉलमध्ये आम्ही ॲनिमेशन लघुपटांची एक संध्याकाळ करतो. गेल्या खेपेला एका स्वतंत्र आयरिश ॲनिमेटरचे पाच लघुपट लावले, सगळे मिळून ३१ मिनिटांचे. तेव्हापासून फोंडा, डिचोली तालुक्यातले शिक्षक विचारतायत, बाई, हे जमवलं कसं? प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

आयर्लंडच का, हे आधी सांगते. देश लहान, २०२२ च्या जनगणनेत वस्ती एक्कावन्न लाखांच्या आसपास. तरी ॲनिमेशनमध्ये तिथल्या माणसांनी स्वतःची वाट काढली. किल्केनी या छोट्या शहरात १९९९ साली ‘कार्टून सलून’ हा स्टुडिओ उभा राहिला आणि आजही तिथूनच काम करतो. त्याच किल्केनीत १९८५ साली जन्मलेल्या डेव्हिड ओरायलीने ‘प्लीज से समथिंग’ हा लघुपट केला. एक मांजर, एक उंदीर आणि त्यांचा विस्कटत गेलेला संसार. २५ सेकंदांचा एक, असे मोजून २३ तुकडे. २००९ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट लघुपटाचं सुवर्ण अस्वल मिळालं. मुलांना मी हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवते. २५ गुणिले २३, म्हणजे दहा मिनिटंसुद्धा होत नाहीत. चवथीच्या देखाव्यासाठी महिनाभर खपणाऱ्या आमच्या मुलांना ‘थोडक्यात पण नेमकं’ म्हणजे काय ते यातून लगेच कळतं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. ॲनिमेशन म्हणजे लहान मुलांचं, असं धरून चालू नका. ओरायलीचाच ‘द एक्स्टर्नल वर्ल्ड’ मोठ्यांसाठी आहे. त्यातली हिंसा आठवीच्या वर्गापुढे लावण्यासारखी नाही. प्रत्येक लघुपट स्वतः दोनदा पाहा. पहिल्यांदा आवाजासकट पाहा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. आवाज नसला की चित्रातलं बरंच काही पहिल्यांदाच दिसतं, आणि पालक काय विचारतील याचाही अंदाज येतो.

आता पत्र. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लघुपट इंटरनेटवर फुकट दिसतो याचा अर्थ तो हॉलमध्ये लावायची परवानगी मिळाली असा होत नाही. स्वतंत्र ॲनिमेटरच्या संकेतस्थळावर बहुधा त्याचा स्वतःचाच ई-मेल पत्ता असतो, मध्ये कुणी वितरक नसतो. त्यामुळे पत्र थेट त्याच्या टेबलावर पोचतं. आम्ही ज्याचे पाच लघुपट लावले त्या ॲनिमेटरला मी लिहिलं ते साधं होतं. आम्ही कोण, गोवा कुठे, हॉलमध्ये खुर्च्या किती, तिकीट नाही, प्रेक्षक म्हणजे शाळेची मुलं आणि त्यांचे पालक, तारीख अमुक, पडदा अडीच मीटर रुंद, फाइल खेळानंतर पुसून टाकू. आणि एक परिच्छेद त्याच्या कामाबद्दल. त्याच्या एका लघुपटात समुद्रात बुडत चाललेलं गाव आहे, एकही शब्द नाही. त्यातल्या लाटेची रेघ दर वेळी किंचित थरथरते ती हाताने काढल्यामुळे की मुद्दाम, असं मी विचारलं. चार दिवसांत उत्तर आलं. त्यात परवानगी होती आणि त्या रेघेबद्दल लांबलचक मजकूर होता. खरोखर पाहून पडलेला प्रश्न विचारा, नुसतं कौतुक लिहू नका. पैशांबद्दलही आपणहून विचारा. त्याने आमच्याकडून काही घेतलं नाही, पण विचारणं आपलं काम आहे.

कायद्याचं थोडक्यात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे. शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं पाहणार असतील तर चित्रपट दाखवायला त्यात सवलत आहे. तरीही मी परवानगी मागतेच, कारण ज्याने दोन-दोन वर्षं एकट्याने बसून चित्रं काढली त्याला ती कुठे पाहिली जातायत हे कळायला हवं. गावभर फलक लावून सगळ्यांना बोलवायचं असेल तर गोष्ट वेगळी. जाहीर प्रदर्शनाला १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली प्रमाणपत्र लागतं, आणि महोत्सव केंद्रीय मंत्रालयाकडून त्यातून सूट घेतात. आम्ही शाळेपुरतंच ठेवतो.

‘नवा लघुपट आत्ता देता येणार नाही’ असं उत्तर आलं तर वाईट वाटून घेऊ नका. लघुपट पुरा झाला की तो वर्ष-दोन वर्षं महोत्सवांत फिरतो. मार्चमध्ये आयर्लंडच्या केरी परगण्यातलं ‘ॲनिमेशन डिंगल’, जूनमध्ये फ्रान्समधलं ॲनसी, जे १९६० पासून चालू आहे, जुलैत ‘गॉलवे फिल्म फ्ला’ आणि नोव्हेंबरात कॉर्क. ‘फ्ला’ म्हणजे आयरिश भाषेत उत्सव. गॉलवेचा हा उत्सव १९८९ साली सुरू झाला. तिथलं पारितोषिक मिळालं तर लघुपट ऑस्करच्या स्पर्धेला पात्र ठरू शकतो, आणि पात्र ठरण्याआधीच तो इंटरनेटवर जाहीर टाकला तर ते दार बंद होतं. शिवाय काही महोत्सवांना पहिला खेळ आपल्याकडेच हवा असतो. म्हणून ॲनिमेटर नवं काम जपून ठेवतो. अशा वेळी दोनच वाक्यं लिहा: ‘तुमचे जुने लघुपट चालतील. नव्याचा महोत्सवातला फेरा संपला की कळवा.’ आम्हाला पाचातले चार असेच मिळाले.

फाइल हाती आल्यावर गतीकडे लक्ष द्या. इथे बहुतेक सगळे चुकतात आणि चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. सिनेमात पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे फ्रेम, जातात. हाताने काढणारे बरेच जण एक चित्र दोन चौकटी ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. त्या बारांतच त्या माणसाचा हात दिसतो. पहिल्या वर्षी आम्ही प्रोजेक्टरऐवजी एकाकडून मोठा टीव्ही उसना आणला होता. आजकालच्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करण्याची सोय आधीच चालू असते. दोन चित्रांच्या मध्ये टीव्ही स्वतःच्या मनाने चित्रं घुसवतो. पडद्यावरची म्हातारी तेलावर घसरल्यासारखी चालू लागली. मुलं काही बोलली नाहीत, पण मला ते बघवेना. खेळ थांबवून रिमोटवर ती सोय शोधली, बंद केली आणि पहिल्यापासून लावलं. टीव्हीवर दाखवणार असाल तर हे आदल्या दिवशी करा.

दुसरी बाब लॅपटॉपची. आयर्लंडमधल्या फाइली बऱ्याचदा सेकंदाला २५ चौकटींच्या असतात, कारण तिथलं टेलिव्हिजन ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० वेळा, चालत आलं. आपला लॅपटॉप मात्र बहुतेक ६० वर ठेवलेला असतो. साठाला पंचविसाने पुरता भाग जात नाही, मग काही चौकटी जास्त वेळ थांबतात, काही कमी, आणि दृश्य आडवं सरकताना हिसके बसतात. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रोजेक्टरचा हा आकडा (रिफ्रेश रेट) ५० करा. हिसके गेलेले डोळ्यांना दिसतील. कुठल्या फाइलला किती चौकटी आहेत ते व्हीएलसी प्लेअर माहितीच्या खिडकीत दाखवतो.

उपशीर्षकं मराठीत केली तर संध्याकाळ वेगळीच होते. आयरिश उच्चार आमच्या मुलांच्या कानाला नवे, इंग्रजी माध्यमातली मुलंसुद्धा निम्मं गमावतात. ॲनिमेटरकडे संवादांची वेळेसकट फाइल मागा, एसआरटी नावाची. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते. वेळेच्या ओळींना हात लावू नका, फक्त इंग्रजी वाक्याच्या जागी मराठी लिहा. साठवताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर पडद्यावर अक्षरं नीट उमटत नाहीत. प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्ट ठरवून द्या आणि ‘प्रश्न’, ‘क्षण’, ‘तिच्या’ असे शब्द एकदा लावून बघा. काही जुने प्लेअर जोडाक्षरं फोडून दाखवतात. एका वेळी दोनच ओळी, आणि ओळ लहान. सहावीतलं मूल वाचतावाचता चित्रही पाहणार आहे हे विसरू नका.

भाषा कुठली वापरायची, यावर आम्ही पुष्कळ डोकं घातलं. ‘ब्राउन बॅग’ या स्टुडिओचा २००१ सालचा ‘गिव्ह अप यर ऑल सिन्स’ मी यासाठीच मुलांबरोबर संवाद लिहायला बसण्याआधी पाहिला. डब्लिनच्या शाळेतल्या मुलांनी १९६० च्या दशकात बायबलच्या गोष्टी आपल्या बोलीत सांगितल्या होत्या. त्यांचं जुनं ध्वनिमुद्रण जसंच्या तसं ठेवून त्यावर चित्रं केली आहेत. गोष्ट सगळ्यांना ठाऊक, पण सांगणारं पोर आणि त्याची बोली यांच्यामुळे ती नवी होते. २००२ साली त्याला ऑस्करचं नामांकन होतं. ते पाहिल्यावर पुस्तकी मराठी वापरायचं धैर्य होईना. आमच्या पाचातल्या एका लघुपटात आजी पावसात भिजलेल्या नातीला हाक मारते. मी आधी लिहिलं होतं, ‘आत ये, आजारी पडशील.’ नववीतली एक मुलगी म्हणाली, बाई, आजी असं बोलते का? तिने लिहिलं, ‘आत ये गो बाय, केवढी भिजलीस!’ हॉलमध्ये त्या वाक्याला मागच्या रांगेतल्या आज्या हसल्या. संवाद मुलांकडून वाचून घ्या, आणि तेही मोठ्याने.

हॉलबद्दल थोडं. अडीच मीटर रुंद चित्राला साधारण ३००० ल्युमेन उजेडाचा प्रोजेक्टर पुरतो, पण अंधार खरा हवा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून आम्ही पावणेसातला सुरू करतो. खिडक्यांना शिगम्याच्या चित्ररथाचं काळं कापड लावतो, ते गावात कुणाकडे ना कुणाकडे असतंच. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा, प्रोजेक्टरजवळ नको. बसलेल्या मुलांच्या कानाच्या उंचीवर. आमच्या हॉलची फरशी गुळगुळीत, आवाज घुमतो. पुढे जाजमं पसरली आणि मुलांना त्यावर बसवलं तेव्हा शब्द कळू लागले. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर यूपीएस हवाच. वीज गेली की आतला पंखा थांबतो, दिवा तापलेलाच राहतो आणि त्याचं आयुष्य घटतं. पावसाळ्यात हा कार्यक्रम करू नका. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की हळू आवाजातला लघुपट संपलाच समजा.

क्रम लावताना पहिला लघुपट छोटा आणि हसरा ठेवा, उशिरा येणारे स्थिरावेपर्यंत. सगळ्यात जड लघुपट शेवटून दुसरा. प्रत्येकानंतर अर्धा मिनिट काळा पडदा ठेवला तर आधीचा मनात बसतो. व्हिडिओ एकामागून एक आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा. श्रेयनामावली कापू नका. मी तर मुलांना ती वाचायला सांगते. आयरिश लघुपटांच्या शेवटी ‘स्क्रीन आयर्लंड’ (तिथली सरकारी चित्रपट संस्था), ‘आरटीई’ (तिथलं सार्वजनिक दूरदर्शन), ‘आर्ट्स काउन्सिल’ अशी नावं दिसतात. तिथे ‘फ्रेमवर्क्स’ नावाच्या योजनेतून या संस्थांनी मिळून ॲनिमेशन लघुपटांना पैसा पुरवला. आमच्या दहावीच्या एका मुलाने विचारलं, म्हणजे सरकारने चित्र काढायला पैसे दिले? त्या एका प्रश्नावर नंतरची वीस मिनिटं गेली, आणि ती मला फार मोलाची वाटली.

खेळाच्या आधीच्या आठवड्यात एक तास चित्रकलेचा घ्या. जुन्या वहीच्या २४ पानांच्या कोपऱ्यात प्रत्येकाने पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल काढायची, दर पानाला चाक थोडं पुढे. सेकंदाला १२ पानं सुटली तर दोन सेकंदांचा प्रवास. एका मुलाला यात अडीच तास लागले. खेळाच्या दिवशी सात मिनिटांचा लघुपट संपल्यावर तो बोटांवर मोजत होता. सात मिनिटं म्हणजे ४२० सेकंद, गुणिले बारा, पाच हजार चाळीस चित्रं. आपण होऊन त्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

खेळ झाला की त्याच आठवड्यात ॲनिमेटरला कळवा. मुलांचे चेहरे ओळखू येणार नाहीत असे मागून घेतलेले दोन फोटो, किती माणसं होती तो आकडा, आणि मुलांचे प्रश्न इंग्रजीत उतरवून. आम्ही आजीच्या संवादाची मराठी एसआरटी फाइलही पाठवली आणि ‘गो’ म्हणजे काय ते एका ओळीत समजावलं. त्याने ती लघुपटाच्या मूळ फाइलींबरोबर ठेवली आहे, असं उत्तर आलं. ज्या मुलीने ते वाक्य लिहिलं तिला मी ते पत्र छापून दिलं. ती यंदा संवादांचं काम बघतेय, आणि पुढच्या लघुपटासाठी पत्राचा मसुदा तिनेच लिहायला घेतला आहे.