जुनी गाडी पीयूसीत नापास झाली? पार्ट बदलण्याआधी हे वाचा

पीयूसीत, म्हणजे धुराच्या तपासणीत, नापास झालेली गाडी गॅरेजात आली की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "कॅट गेलाय, बदलून टाका." कॅट म्हणजे सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर. रीडिंग किती आलं विचारलं तर माहीत नसतं. माझ्या मते सगळ्यात महागडी चूक हीच. गाडी नापास झाली तरी पीयूसीवाल्याकडून आकडे मागा, नाहीतर मशीनच्या स्क्रीनचा फोटो काढून आणा.

मुंबईत २००५ ते २०१० मध्ये घेतलेली पेट्रोल गाडी बहुधा बीएस-३ (भारत स्टेज ३, धुराचे सरकारी निकष) असते. तिला आयडलिंगवर, म्हणजे रेस न देता, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.५ टक्के आणि एचसी (हायड्रोकार्बन, न जळलेलं पेट्रोल) ७५० पीपीएम एवढी मुभा आहे. बीएस-४ ला ०.३ आणि २००, शिवाय २५०० आरपीएमच्या आसपास रेस धरून वेगळी तपासणी. नुसता सीओ चढला असेल तर इंजिनात पेट्रोल जास्त जातंय. सीओ बरोबर आणि एचसी चढलेला असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, म्हणजे मिसिंग आहे. मग आधी प्लग, कॉइल आणि प्लगच्या वायरी बघा. एवढं कळलं तरी निम्मा खर्च वाचतो.

दुसरी चूक थंड गाडी नेण्याची. पंप सोसायटीच्या कोपऱ्यावर, गाडी रात्रभर उभी, सकाळी स्टार्ट करून दोन मिनिटांत नळी सायलेन्सरमध्ये! कॅट तीनेकशे अंशांच्या आसपास तापल्याशिवाय कामच करत नाही. मी स्वतः मुलुंडहून ईस्टर्न एक्सप्रेस हायवेने घाटकोपरपर्यंत जाऊन परत येतो आणि तसाच पंपावर शिरतो. रांग असली तरी इंजिन बंद करत नाही.

आणि आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाच्या कूलंटच्या वाटेवरचा तापमानावर उघडणारा व्हॉल्व्ह. यावर मी गेली कित्येक वर्षं कानीकपाळी ओरडतोय. "मुंबईत थंडी कुठे आहे, काढून टाका, गाडी गरम होणार नाही," असं सांगून मेकॅनिक तो काढतात आणि मालक खूश होतो. भांडुपचे एक निवृत्त काका २००८ ची हॅचबॅक घेऊन आले होते. सीओ १.४. आधीच्या गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजून पेट्रोल कमी-जास्त आहे का ते कळवणारा) नवा बसवला, प्लग बदलले, इंजेक्टर धुतले, चौदा हजार गेले, गाडी पुन्हा नापास. आता कॅट बदला म्हणून सांगितलं होतं. मीही तासभर सेन्सरची वायरिंगच तपासत बसलो. मग स्कॅनर लावून हायवेवर चक्कर मारली, तर कूलंटचं तापमान ५४ च्या वर चढेना. हाउसिंग उघडलं, आत थर्मोस्टॅट नव्हताच. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो नसेल तर इंजिन अजून थंडच आहे असं समजून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवून देत राहतो. नवा बसवला, कूलंट भरून हवा काढली, दुसऱ्या दिवशी सीओ ०.२. काकांना आनंद झाला, पण चौदा हजार आठवून त्यांचा चेहरा उतरला तो मला अजून दिसतो. गाडी गरम होत असेल तर रेडिएटर, फॅन, वॉटर पंप बघा. थर्मोस्टॅट हा तिथला पहारेकरी आहे, त्याला घालवून रोग जात नाही.

सायलेन्सरची गळती लोक आवाजापुरतीच मोजतात. आपल्या खाऱ्या, दमट हवेत पाइप लवकर सडतात, त्यात पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी जाते. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी भोक पडलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते, पेट्रोल कमी पडतंय असं सेन्सर कळवतो आणि ईसीयू आणखी सोडतो. सेन्सर निर्दोष, खर्च मात्र त्याच्यावर. मी इंजिन थंड असतानाच स्टार्ट करतो, फडक्याने सायलेन्सरचं तोंड दाबतो आणि खाली वाकून कुठून फुसफुसतंय ते ऐकतो.

एअर फिल्टर झटकून परत बसवू नका, नवा घाला. ऑइल बदलायला आलं असेल तर पीयूसीआधी बदला, त्यात मिसळलेलं पेट्रोलही एचसी वाढवतं. टाकीत ओतायच्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही. स्क्रू फिरवून त्या दिवसापुरता सीओ खाली आणायचा प्रकार जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत चालतो, पण मी करून देत नाही. दुसऱ्या दिवशी गाडी झटके खाते आणि मालक मिक्स्चर पुन्हा वाढवून घेतो. गाडी न दाखवता सर्टिफिकेट मिळवून देणाऱ्यांचे नंबर माझ्याकडे मागू नका. तो धूर आपल्याच गल्लीतल्या पोरांच्या छातीत जातो.

डिझेलवाल्यांसाठी वेगळी गोष्ट. तिथे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धुराची घनता मोजतात, बीएस-४ च्या आधीच्या गाडीला ६५ हार्ट्रिज (धुराच्या काळेपणाचं माप), बीएस-४ ला ५०. सायन ते कुर्ला रोज पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीत काजळी साठलेली असते. चाचणीआधी तिला अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर वरच्या आरपीएमला चालवा. तरीही धूर काळाच आला तर एअर फिल्टर आणि ईजीआर (थोडा धूर इंजिनात परत सोडणारा व्हॉल्व्ह) उघडून बघा, इंजेक्टरला हात त्यानंतर.