अभिजात नाटक रंगमंचावर कसं बघावं? खानदेशातल्या प्रेक्षकासाठी

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मी कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलं होतं. सुरुवातीलाच नायिका बेणारेबाईंच्या बोटाला दाराची कडी लागते, पुढे तेच दार बाहेरून अडकतं. कंसातल्या सूचना म्हणून मी हे सगळं ओलांडून गेलो. जळगावात प्रयोग बघताना ती दाराशी धावली, दार उघडेना, आणि शेजारचे अनोळखी काका खुर्चीत पुढे सरकले. आपणही आत कोंडलो गेलोय, हे पुस्तकात नव्हतं.

आधी प्रयोग शोधा. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी जळगाव केंद्रावर होते, तिकीट अगदी स्वस्त असतं. हौशी मंडळी म्हणून नाक मुरडू नका. जुनी, व्यावसायिक रंगभूमीने बाजूला ठेवलेली संहिता बहुधा हीच मंडळी उचलतात. मुंबई-पुण्याचे दौरे जळगावच्या छत्रपती संभाजीराजे नाट्यगृहात लागतात. बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात हिवाळ्यात काही असेल तर शाल घ्याच.

मग प्रश्न येतो, आधी वाचावं का? माझं मत: पहिला अंक वाचा आणि थांबा. पात्रांची ओळख होते, शेवट फुटत नाही. ‘घाशीराम कोतवाल’ मात्र अजिबात वाचून जाऊ नका. १९७२ साली आलेल्या या नाटकात ब्राह्मणांची रांग गाते, नाचते, तिचाच पडदा होतो. कागदावर ते नुसतं ‘रांग’ राहतं. ‘संगीत शारदा’ (१८९९) तसंच. वाचताना पद चार ओळींत संपतं, गायक त्यात किती वेळ रमेल हे त्याचं त्यालाच ठाऊक. रात्रभर वहीगायन, म्हणजे आपलं खानदेशी लोकगायन, ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

तिकीट काढताना पाचवी-सहावी रांग, मधली जागा मागा. पहिल्या रांगेत मान दुखते. नाटक किती वेळाचं आहे हेही खिडकीवरच विचारा, कारण चोपडा-एरंडोलकडच्यांची खरी अडचण शेवटची एसटी असते. तिच्यापायी माझा एक तिसरा अंक कायमचा राहिला आहे.

तिसऱ्या घंटेआधी बसा, मोबाइल बंद करा. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्या नटाकडे बघा. वाचताना गप्प असलेलं पात्र आपण विसरून जातो. इथे ते समोर उभं असतं.

घरी आल्यावर, झोपण्याआधी, सगळ्यात लक्षात राहिलेला प्रवेश पुस्तकात काढून वाचा. आता कंस सोडू नका.