मूळ गेम आणि उत्तरभाग : कथनाची तुलना कशी करावी

ॲक्शन गेम आणि त्याचा उत्तरभाग यांची तुलना करताना आधी दोन्हींच्या कथानकाचा सारांश लिहिण्याचा मोह टाळावा. गेममधली गोष्ट खेळाडूच्या हातून घडते; म्हणून कंट्रोलर हाती असताना आपण कोण असतो आणि कोणावर हुकूम चालवतो, हे प्रथम नोंदवावे. उदाहरणासाठी 'गॉड ऑफ वॉर' (२०१८) आणि 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' (२०२२) हे घेऊ. (दोन्हींचे शेवट पुढे उघड केले आहेत.)

पहिल्या गेममध्ये आपण क्रेटॉस हा योद्धा असतो, आणि बटण दाबले की मुलगा अट्रेयस बाण सोडतो. बापाचा धाक अशा रीतीने संवादांइतकाच लढाईतही जाणवतो. उत्तरभागात मोठे टप्पे अट्रेयस म्हणून खेळायचे असल्याने, तो वडिलांना सोडून देवांचा राजा ओडिन याच्या ॲसगार्ड या राज्यात राहतो तेव्हा क्रेटॉसला ठाऊक नसलेल्या गोष्टी आपल्याला ठाऊक असतात. दोन्ही गेममध्ये कॅमेरा कुठेही तुटत नाही, म्हणजे एकही कट न घेता दृश्य सलग चालते. मात्र पहिल्यात ती सलगता एका माणसाला चिकटून राहते, तर दुसऱ्यात ती बापलेकांमध्ये विभागली जाते.

त्यानंतर उद्दिष्ट पाहावे. क्रेटॉसची मृत पत्नी फे हिची राख सर्वांत उंच शिखरावरून उधळायची, एवढ्या एका कामावर पहिली कथा उभी आहे. 'रॅग्नारॉक'मध्ये फ्रेया या देवीचा क्रेटॉसवरचा सूड, टिर या युद्धदेवाचा शोध, भविष्यवाणी आणि येऊ घातलेले युद्ध असे अनेक धागे आहेत. त्यांची नुसती संख्या मोजू नये. टिरच्या रूपात ओडिनच वावरत होता हे कळल्यावर टिरचे आधीचे प्रसंग पुन्हा पाहून त्या धक्क्याची पूर्वतयारी तपासावी. माझ्या मते ती चोख आहे. आयर्नवुड या जंगलातला टप्पा मात्र, अट्रेयसला तिथे भेटणाऱ्या अंगरबोडाची ओळख आवश्यक असूनही, फार लांबला आहे आणि प्रत्यक्ष युद्ध घाईने उरकले आहे.

शेवटांची तुलना भित्तिचित्रांवरून करावी. पहिल्या गेमच्या शेवटी, योटुनहाइम या महाकायांच्या प्रदेशातल्या चित्रात क्रेटॉसला एकट्यालाच स्वतःचा मृत्यू दिसतो आणि तो मुलाला काहीच सांगत नाही. उत्तरभागाच्या अखेरीस त्याला दुसरे चित्र सापडते, ज्यात लोक त्याला आदराने पूजत आहेत. मुलगा स्वतःच्या वाटेने निघून गेल्यानंतर हे चित्र येते, त्यामुळे पहिल्या गेममधल्या मौनाला मिळालेले हे उत्तर युद्धातील विजयापेक्षा अधिक पटते.