पातं मिटलेलंच राहू द्या: खिशातल्या चाकूची घरातली कामं

घरात विळी आहे, सुरी आहे, कात्री आहे. त्यामुळे भेट मिळालेला स्विस चाकू दोन-चार कुरिअरचे खोके फोडतो आणि मग ड्रॉवरमध्ये जुन्या सेलांशेजारी जाऊन पडतो. आपण पात्याकडेच बघत बसतो, म्हणून असं होतं. 1897 साली कार्ल एल्सनर यांनी स्वित्झर्लंडमध्ये नोंदवलेल्या ऑफिसर चाकूतही पात्यांसोबत आरी (भोक पाडायचं टोकदार हत्यार, करवत नव्हे), डबा उघडणी, स्क्रू ड्रायव्हर आणि बुचाचा, म्हणजे बाटलीचं बूच काढायचा वेटोळ्याचा, स्क्रू होताच. पुढे टिम लेदरमन यांनी 1983 मध्ये मल्टिटूल बाजारात आणलं, तेव्हा मुख्य जागा पकडीला मिळाली आणि चाकू मुठीत घडी होऊन बसला. इथे ‘चाकू’ म्हणजे 91 मिलिमीटरचा स्विस चाकू आणि ‘मल्टिटूल’ म्हणजे पकडवालं हत्यार.

खिडकीचा ट्रॅक: हे काम मे महिन्यातच

घोडबंदर रोड असो की खारघर, उंच इमारतीत पावसाळ्यात एक तक्रार हमखास येते: स्लायडिंग खिडकी बंद असूनही पाणी आत येतं. दोष बहुतेक वेळा काचेचा नसतो. ॲल्युमिनियमच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने दोन-तीन बारीक भोकं किंवा खाचा असतात. ट्रॅकमध्ये साचलेलं पाणी त्यातून बाहेर जायला हवं. धूळ, कबुतरांची पिसं आणि जुन्या रंगाचे पापुद्रे मिळून त्यांचा बोळा होतो. मग ट्रॅक भरतो आणि आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा उंच असली, तरी वाऱ्याच्या दाबाने पाणी ती ओलांडून खोलीत उतरतं.

आधी चाकूच्या कडीला दोरी बांधून तिचं दुसरं टोक मनगटात अडकवा. विसाव्या मजल्यावरून पडलेला चाकू खालच्या माणसासाठी शस्त्रच असतो. मग पाणी न ओतता कोरडी घाण चिमट्याने उचला. आधी ओली केली तर तिचा चिखल होऊन भोकात आणखी घट्ट बसतो. चपट्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकावर कापडाची एक घडी ठेवून ट्रॅकचे कोपरे खरवडा. भोकात आरीचं टोक हलकेच फिरवा, ढोसू नका, नाहीतर बोळा पुढे सरकून फ्रेमच्या पोकळीत अडकतो. शेवटी अर्धा कप पाणी ओता. भोकं मोकळी असतील तर ते बघता बघता निघून जातं. तरीही साचून राहिलं, तर रंगकाम करणाऱ्यांनी बाहेरचं तोंड सिलिकॉनने किंवा रंगाने बुजवलेलं असणार. ते बाहेर वाकून उकरण्याचा मोह टाळा. तेवढ्यासाठी खिडकीवाल्यालाच बोलवा.

चपलेचा अंगठा आणि बॅगेची चेन

स्टेशनबाहेरच्या पाण्यात हवाई चपलेचं अंगठ्याचं बटण भोकातून वर निसटतं. बोटांनी ते परत जात नाही, कारण बटण भोकाहून मोठं असतं आणि ओलं रबर निसरडं. मल्टिटूलची टोकदार पकड तळव्याच्या खालच्या बाजूने भोकात घाला, बटणाची एक कड पकडा आणि तिरकं खाली ओढा. एक कड बाहेर आली की बाकीचं आपोआप येतं. साबणाचा थेंब लावला तर काम निम्मं होतं. भोकच फाटलेलं असेल, तर पाण्याच्या बाटलीच्या झाकणाची चकती कापा, मध्ये भोक आणि कडेपर्यंत एक चीर पाडा आणि बटण व तळवा यांच्यामध्ये सरकवा. घरी पोचेपर्यंत पुरते, कधीकधी दिवाळीपर्यंतही.

चेनचा रनर पुढे सरकतो, पण मागून दात उघडेच राहतात, ही तक्रार शाळेच्या दप्तरांत नेहमीची. अशा वेळी चेन बदलायची गरज सहसा नसते. वापराने रनरच्या वरच्या आणि खालच्या पत्र्यांतलं अंतर वाढतं, त्यामुळे दात एकमेकांत दाबले जात नाहीत. रनर चेनच्या सुरुवातीला, सगळे दात उघडे असतील अशा जागी आणा. दात जुळून जिथून बाहेर पडतात ते रनरचं मागचं टोक. तिथे आधी डावी कड आणि मग उजवी कड पकडीने किंचित दाबा, इतकी की डोळ्यांना फरक जाणवू नये. चालवून बघा, गरज असेल तर पुन्हा दाबा. एकदम जोर लावला तर दोन गोष्टी होतात: रनर जाम बसतो, किंवा तो ठिसूळ मिश्रधातूचा असल्याने कडेला तडकतो. तडकला तर मग शिंप्याकडे जावंच लागतं. नीट बसल्यावर दातांवर मेणबत्ती घासा.

नळाची जाळी

पाइपलाइनच्या कामासाठी शटडाऊन झाला की दुसऱ्या दिवशी पहिलं पाणी गढूळ येतं आणि बेसिनच्या नळाची धार तिरकी होते. नळाच्या तोंडाशी जी गोल जाळी असते, तिच्यात वाळू आणि गंज अडकलेला असतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी जाळीभोवती गुंडाळा आणि मग पकड लावा. थेट लावली तर क्रोमवर दातांचे ओरखडे कायमचे राहतात. कुठल्या बाजूला फिरवायचं यात बहुतेकांची गल्लत होते. खालून तोंड वर करून बघितलं तर घड्याळाच्या उलट, वरून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने. आतले भाग कुठल्या क्रमाने निघाले त्याचा मोबाइलवर फोटो काढा. वाळू टूथपिकने काढा. टँकरच्या पाण्याचा पांढरा थर असेल तर अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. परत लावताना हाताने घट्ट करा, पकड नको.

हापूसची पेटी

वाशीच्या मार्केटातून आणलेली पेटी हल्ली बऱ्याचदा पुठ्ठ्याची असते, पण लाकडी आली तर घरात सुरी घेऊन झटापट सुरू होते. पेटीवरची प्लॅस्टिकची पट्टी ताणलेली असते, कापताच उसळते. म्हणून एक तळहात पट्टीवर दाबून ठेवा, तोंड बाजूला ठेवा, आणि इथे मात्र पातं वापरा. फळीसाठी चाकूचा मोठा चपटा स्क्रू ड्रायव्हर खिळ्याच्या अगदी शेजारी फटीत घाला आणि किल्लीसारखा फिरवा. पहारीसारखा वर रेटलात तर तो मिटून बोटांवर येऊ शकतो, आणि पात्याचं टोक रेटलंत तर ते तुटतंच. फळी थोडी उचलली की खिळ्याचं डोकं पकडीत धरून पकड बाजूला कलंडवा. खिळे मोजून एका वाटीत टाका, पेंढ्यात पडलेला खिळा नेमका अनवाणी पायाला सापडतो. आंब्याचा चीक लागलेलं पातं लगेच धुवा, आम्लाने त्यावर काळपट डाग पडतात.

लहानसहान कामं

बुचाचा स्क्रू आपल्याकडे बिनकामाचा समजतात. पण बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दोरीची ओली गाठ, चुरमुऱ्याच्या पोत्याची गाठ किंवा मुलांच्या बुटांची नाडी त्याच्याइतकी सहज कुणी सोडवत नाही. टोक गाठीच्या पोटात घालून फिरवा, एक पदर सैल झाला की झालं. याच स्क्रूच्या वेटोळ्यात बसणारा बारीक स्क्रू ड्रायव्हर मिळतो, तो चष्म्याच्या दांडीसाठी. ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालताना बोटं कापतात, तेव्हा चाकूच्या मागचा हुक काढून पिशव्यांचे बंद त्यात अडकवा आणि चाकूची मूठ धरून चाला. घट्ट की-रिंगच्या कड्यांत नखाऐवजी चपट्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक. नारळाचं पाणी हवं असेल तर तीन डोळ्यांपैकी जो मऊ लागेल त्यात आरी फिरवा, बाकीचे दोन सोडून द्या.

कुकरची मूठ हलायला लागते, कारण गरम-थंड होऊन स्क्रू सैल होतो. कुकर पूर्ण थंड असताना फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरने आवळा आणि प्रतिकार जाणवला की थांबा, नाहीतर बेकेलाइट तडकतं.

पट्ट्याला नवं भोक पाडताना जुन्या दोन भोकांमधलं अंतर मोजून तेवढंच ठेवा. पट्टा जुन्या लाकडी फळीवर ठेवून आरी एकाच दिशेने फिरवत अर्ध्यापर्यंत जा आणि मग उलट्या बाजूने भोक पूर्ण करा. रेक्झिनचा पट्टा आरीने फाटतो, त्याला तापवलेला खिळाच बरा.

जिथे हात आखडता घ्यायचा

स्विस चाकूतली बहुतेक पाती लॉक होत नाहीत. भोसकून भोक पाडायला गेलात तर पातं बोटांवर मिटतं. त्यासाठी आरी आहे, आणि तीही ढकलायची नाही, फिरवायची. मल्टिटूलची मूठ सहसा उघड्या धातूची असते, म्हणून एमसीबी (वीज तोडणारा खटका) खाली केल्याशिवाय 230 व्होल्टच्या बोर्डाजवळ ती नेऊ नका. तार कापणीने स्प्रिंगची कडक तार कापली तर धारेला खाच पडते, तीही कायमची. गॅसच्या रेग्युलेटरला आणि सिलिंडरच्या तोंडाला यातलं काहीही लावायचं नाही.

विमानात चाकू केबिनच्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत ठेवा. मेट्रोच्या आणि मॉलच्या तपासणीत अडवला जाऊ शकतो, तेव्हा रोजच्या प्रवासात छोटं, पातं नसलेलं मल्टिटूल बरं. बटण दाबून उघडणारा चाकू मात्र घेऊच नका.

खाडीकाठची दमट हवा पोलादाला मानवत नाही. महिन्यातून एकदा सगळे भाग उघडून कोमट साबणाच्या पाण्यात हलवा, कापडाने पुसा, पंख्याखाली तासभर उघडे ठेवा. सांध्यांत शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, आणि फळं कापायचा चाकू असेल तर मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन. खोबरेल तेल घालू नका, ते थंडीत गोठतं आणि पुढे चिकट होऊन धूळ धरतं.